बदलीनं आलेली मावशी

माझा धंदा लोकांचे कर भरण्याचा. म्हणजे पैसे त्यांनी भरायचे. किती भरायचे आणि कधी, ते मी सांगायचं. कर्वेनगरात एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस होतं. मी, एक मदतनीस मुलगी आणि आमचे साहेब. साहेबांची हयात कामगार कोर्टात वकिली करण्यात गेली होती. त्या विषयावर बोलायला लागले की समोरचा डबा तसाच राहायचा, मग मीच झाकण लावून ठेवायची.

लेक पाच महिन्यांची झाली आणि मला कामावर परतणं भाग होतं. घरात सासूबाई होत्या, पण त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "नातीवर लक्ष ठेवीन. नातीच्या मागे धावणार नाही. गुडघे माझे आहेत, तुमच्या ऑफिसचे नाहीत." तेव्हा बाळ सांभाळायला बाई शोधणं आलं. ओळखीतून धायरीच्या एक बाई मिळाल्या. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने थोराड, आवाज मोठा आणि हात इतका हलका की लेक त्यांच्याकडे गेली ती पाच मिनिटांत झोपली. आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो.

आता दिवसभर लोकांना नियम सांगणारी मी, माझ्याच घरात बिननियमाचं कसं चालवणार? साहेबांना विचारलं, घरी बाई ठेवली तर मालक म्हणून माझ्यावर काय काय येतं? मला वाटलं होतं, चांगली यादी निघेल. साहेब म्हणाले, "भविष्यनिर्वाह निधी? तुझं घर म्हणजे कारखाना नव्हे. कामगार विमा? तेच उत्तर. पगारातून कर कापायचा? त्यांना कर लागेल इतका पगार तू देणार आहेस का? नाही ना? आणि दिलेला पगार तुझ्या उत्पन्नातून वजा करायला बघशील, तर तो घरखर्च, वजा होणार नाही. चौकीत त्यांची माहिती द्यायची. घरकामगारांच्या सरकारी मंडळात त्यांना नाव घालायचं असेल तर माझ्याकडे काम करतात असा दाखला द्यायचा. झालं."

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. कायद्याने तुला जवळजवळ काही करायला लागत नाही. म्हणजे सगळं तुलाच ठरवायला लागेल. जास्त अवघड आहे ते."

ते मला पटलं, आणि खरं सांगायचं तर जरा स्फुरणही चढलं. रात्री बसून मी चांगला दोन पानी करारनामा केला, साध्या मराठीत. आठवड्याची सुट्टी, दिवाळीला एक पगार, आजारपणाची भरपगारी रजा, काढायचं किंवा सोडायचं तर महिन्याची पूर्वसूचना. नवरा म्हणाला, "मलाही असली नोकरी बघ कुठे तरी." मावशींना सगळं वाचून दाखवलं. त्या मांडीवर लेकीला घेऊन शांतपणे ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"ताई, मी आजारी पडले आन् बदली दिली, तर माझी जागा ऱ्हाईल का?"

बदली म्हणजे काय ते मला माहीत होतं, पण अर्धवट. आपल्याला खाडा पडणार असेल तर बाईनं आपल्या जागी दुसरी बाई पाठवायची, ती बदली. त्या दिवसांचा पगार बदलीचा. पहिली परत आली की बदलीनं निमूट निघायचं. वस्तीतल्या बायकांचा हा आपापसातला नियम. पण तो मोडणाऱ्याही असतात. मावशींचं आधीचं कामाचं घर असंच गेलं होतं. तापातून उठून कामावर गेल्या तर बदलीनंच दार उघडलं आणि म्हणाली, आता मीच येते, बाईंनी मलाच ठेवलंय. मावशींचा नवरा कधी कामावर तर कधी घरी, मुलगी कॉलेजात. मावशींच्या पगारावर चूल पेटत होती.

मी करारनाम्यात आणखी एक ओळ घातली, की बदली दिली तरी जागा मावशींचीच. त्यांनी सही केली आणि लेकीचा लंगोट बदलायला निघून गेल्या.

लेक दहा महिन्यांची असताना ती ओळ वापरायची वेळ आली. मावशींचं पोट बरेच दिवस दुखत होतं, त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. एकदा स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या दिसल्या, चेहरा पांढराफटक. मी तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. गर्भपिशवी काढावी लागेल, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशननंतर तीन महिने वजन उचलायचं नाही, आणि आमची लेक तर तोपर्यंत चांगली गुटगुटीत झालेली. मावशींनी ऑपरेशनचं काही विचारलं नाही. रिक्षात बसताना म्हणाल्या, "बदली मी देते. तुमी कुनाला बगू नका."

दोन दिवसांनी ती आली. तिशी नुकतीच ओलांडलेली, सडपातळ, डोक्यावरून पदर. दारातच म्हणाली, "मी त्येंची जाऊ. धाकटी." सासूबाईंनी लगेच चौकशी सुरू केली. मुलं किती? "न्हाईत." एकही नाही? "न्हाई आजी. झालीच न्हाईत." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग आत येऊन म्हणाल्या, "हिला पोरांची सवय नाही. आपल्या पोरीवर शिकणार वाटतं."

मला दुसरीच गोष्ट खटकत होती. मावशी जावेबद्दल कधी चांगलं बोलल्या नव्हत्या. दोघींच्या घरांमधली भिंत आणि नळ यावरून काही तरी विकोपाला गेलं होतं आणि कित्येक वर्षं दोघी एकमेकींशी अक्षर बोलत नव्हत्या. निरोप द्यायचा तर दिराकरवी. मी दवाखान्यात मावशींना भेटायला गेले तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, अहो मावशी, जिच्याशी तोंडाने बोलत नाही तिला तुम्ही माझ्या घरात घालता? तुमच्या बहिणी आहेत, शेजारणी आहेत.

मावशी पडल्या पडल्या हसल्या. टाके ओढले असावेत, लगेच तोंड कसंनुसं केलं. "गोड बोलनारीच घर घेती, ताई. ही भांडंल. माझ्या दारात उभी ऱ्हाऊन शिव्या दील. पन माझं घर घ्यायची न्हाई."

मी तोंडात बोट घालायचीच बाकी होते. नात्यात वैर आणि कामात इतका विश्वास! आमच्या ऑफिसात दोन भाऊ एका दुकानाचे भागीदार म्हणून यायचे, गळ्यात गळे घालून. एकाने दुसऱ्याला कसं बाहेर काढायचं, ते प्रत्येक जण मला वेगवेगळं येऊन विचारायचा.

धाकट्या मावशींना पोरांची सवय नाही, हे सासूबाईंचं भाकीत आठवड्यात खोटं ठरलं. त्या थोरलीसारख्या बोलक्या नव्हत्या. पण लेकीला कडेवर घेऊन गॅलरीत उभ्या राहायच्या आणि खालून जाणारं प्रत्येक माणूस, कुत्रं, भाजीची गाडी तिला दाखवायच्या. "ते बग, कोन आलं?" असं हळू आवाजात. लेक त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघत बसायची. दूध उतू जाऊ दिलं नाही की कधी एक खाडा केला नाही. लेकीच्या अंगाला तेल लावायला बसल्या की बघत राहावं. दुपारी तिला पायावर झोपवून स्वतः तशाच बसून राहायच्या, पाय अवघडले तरी हलायच्या नाहीत. सासूबाई चहा घेऊन गेल्या तर बोटाने गप्प बसायची खूण करायच्या. आमच्या सासूबाईंना घरात गप्प बसवणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही.

मी मावशींना आजारपणाचा पगार देत होते, धाकटीला कामाचा. नवरा म्हणायचा, "पगार दोन, करसवलत शून्य." मी म्हणायची, करार मी केलाय, आता गुमान बस.

खरी धास्ती पुढे सुरू झाली. दोन महिने झाले आणि लेक धाकटीला इतकी लागली की मी संध्याकाळी घरी गेले तरी तिच्या कडेवरून उतरेना. निघायच्या वेळी तिचा पदर मुठीत धरून आकांत करायची. मला ते बघून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण सासूबाईंच्या मनात काय शिजतंय ते मला दिसत होतं. एके दिवशी त्या म्हणाल्याच, "हीच राहू दे ना. पोरगी रमलीय, घर स्वच्छ असतं, तोंड कमी. थोरलीला आता जड काम झेपणारही नाही. चार पैसे जास्त दे हिला."

मी म्हटलं, करार आहे.

"करार तुझा. नात माझी."

मी रागाने नुसती भांडी आदळली. पण मनात मलाही भीती होतीच. मावशी परत आल्या आणि लेक त्यांच्याकडे जाईचना, दिवसभर रडत राहिली, तर? ती ओळ माझ्या हातची होती, कोणत्याही कोर्टात ती कोणी वाचणार नव्हतं. साहेबांनी सांगितलंच होतं. मोडली तर मला विचारणारं कोणी नव्हतं. मावशींचं दुसरंही घर जाईल, तेही माझ्या दारातून, या विचाराने मला रात्री झोप लागत नसे.

मी ऑफिसात असताना सासूबाईंनी परस्पर धाकटीला विचारून टाकलं. कायमची राहा, पगार वाढवून देऊ. त्यांनीच मला संध्याकाळी सांगितलं, जरा फुरंगटून. धाकटीने हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं होतं, "आजी, मी बदली हाय." बस. सासूबाईंकडे पाठ फिरवून धुणं वाळत घालायला गेली.

आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं वागणं पालटलं.

सगळ्यात आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. लेक हात वर करून उभी राहायची, धाकटी उचलायची नाही. गॅलरीत नेणं बंद. तेल लावायची, पण मुकाट्याने, घाईने. झोपवायला पायावर घेणं सोडलं, पाळण्यात टाकून दोरी ओढायची. लेक रडली तर जरा वेळ रडू द्यायची. "बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या, "पगार वाढवतो म्हटलं तरी नाही म्हणाली, आणि आता काम अंगावरून उतरवतेय. निघायचं ठरलं की माणसं अशी."

मी विश्वास ठेवला नाही, पण एका दुपारी लवकर घरी आले तर डोळ्यांनी पाहिलं. लेक जमिनीवर बसून हुंदके देत होती, धाकटीच्या साडीची निरी ओढत होती, आणि ही विळीवर गवार चिरत बसलेली, मान खाली. माझा राग नाकावर असतो. चप्पल पायात तशीच, मी कडाडले. अहो, काय चाललंय हे? मूल रडतंय आणि तुम्ही शेंगा चिरताय? तुम्हाला यायचं नसेल तर तसं सांगा, पण माझ्या मुलीवर कसला राग काढताय?

तिने वर पाहिलं. डोळे लाल होते. ती मी येण्याआधीपासून रडत होती, हे मला तेव्हा दिसलं. लेकीला मी उचललं. धाकटीने विळी आडवी केली, पदराने नाक पुसलं आणि बोलू लागली. इतक्या दिवसांत ती एवढं कधी बोलली नव्हती.

"ताई, पोरगी माझ्यावर लई लागली. माझंबी चुकलं, मी लावून घेतली. आता ती आल्यावर ही तिच्याकडं जायची न्हाई, रडंल. आजी म्हनत्याल, हिलाच ठेवा. तुमी किती दिस न्हाई म्हनाल? मग तिचं घर मी घेतल्यागत झालं का न्हाई? म्हनून हिला जरा माझ्यापास्नं तोडती. थोडी थोडी. एकदम तोडली तर तापानं आजारी पडंल."

मी तशीच उभी राहिले. मला वाटत होतं, जागा राखायची म्हणजे दाराची, पगाराची. ही बाई माझ्या लेकीच्या मनातली जागा रिकामी करून ठेवत होती. आणि ती जिच्यासाठी, तिच्याशी हिचं बोलणंही नव्हतं. मी खाली बसले, लेकीला मांडीवर घेऊन. मला रडू आलं आणि ते लपवायचं मला सुचलं नाही.

"तुम्हाला कसं जमतं हो हे?" मी विचारलं.

"जमत न्हाई. करती." ती म्हणाली. मग विळी कोपऱ्यात सरकवत, "एक काम करा. सांजच्याला तिला फोन लावत जावा. पोरीच्या कानाला द्या. आवाज ऱ्हाऊ द्या तिच्या डोक्यात."

त्या दिवसापासून आम्ही रोज संध्याकाळी मावशींना फोन लावायचो. मी लेकीच्या कानाशी धरायची. पलीकडून मावशींचा मोठा आवाज यायचा, "कोन गं माजी बाय ती? जेवली का?" लेक आधी बावरली, मग फोनकडे बघून हसायला लागली, मग फोन दिसला की हात पुढे करायला लागली. धाकटी त्या वेळी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला जायची. कपडे काढून व्हायचे, तरी आत यायची नाही. फोन संपल्यावर यायची आणि घड्या घालत बसायची. मावशींनी एकदाही विचारलं नाही की ती काय करतेय, आणि हिनेही विचारलं नाही की तिची तब्येत कशी आहे.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांना टोमणा सापडेना, ही आमच्या घरातली दुर्मीळ घटना. बराच वेळ वाती वळत बसल्या. मग म्हणाल्या, "थोरली कधी येणार म्हणालीस? तिला सांग, घाई नको, पण ये." दुसऱ्या दिवशी धाकटीला त्यांनी आपल्या शेजारी पाटावर जेवायला बसवलं आणि स्वतः वाढलं.

साहेबांना ऑफिसात सांगितलं तर त्यांचा डबा उघडा राहिला. "अगं, हे लिहायला कलम नाही," ते म्हणाले, आणि डब्याचं झाकण या वेळी स्वतःच लावलं.

मावशी आल्या त्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. बारीक झाल्या होत्या, पण रंग परत आलेला. धाकटी लेकीला घेऊन दारात उभी होती. दोघी समोरासमोर आल्या. एक शब्द नाही, मानसुद्धा हलवली नाही. मावशींनी नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हटलं, "कोन गं माजी बाय ती?" लेकीने आवाज ऐकला, धाकटीच्या खांद्यावरून मान वर केली, क्षणभर बघत राहिली आणि मग दोन्ही हात पुढे करून त्यांच्याकडे झेपावली. धाकटीने तिला पुढे दिलं. देताना तिचा पदर लेकीच्या मुठीत अडकला होता, तो एकेक बोट उघडून सोडवला.

मावशी लेकीला घेऊन आत गेल्या. धाकटीने पिशवी उचलली, सासूबाईंच्या पाया पडली आणि जिन्याने उतरायला लागली. मी मागोमाग बसस्टॉपपर्यंत गेले. म्हटलं, येत जा अधूनमधून लेकीला बघायला, घर तुमचंच आहे.

"न्हाई ताई. बदलीनं परत त्या घरी जाऊ ने. पोरगी मागं वळंल."

"ती लहान आहे हो," मी म्हटलं. मला तिला बरं वाटेल असं काही तरी बोलायचं होतं. "आठ-पंधरा दिवसांत विसरेल."

"इसरंल की. त्याच्यासाठीच तर केलं सगळं." धायरीची बस वळणावर दिसली, तशी तिने पिशवी काखेत घेतली. "माझं मी बगती काय करायचं ते."

बस थांबली. ती चढली आणि आमच्या घराकडे पाठ होईल अशा बाजूला बसली.